सात तारखेचा हप्ता

हदगाव
११ जून २०२५

दीपमालाताईंना जयभीम.

तुम्ही मला वळखत न्हाई. मी चांगुणा, सुगतची आई. हदगावला आंगणवाडीवर सेविका हाय. फोन न करता पत्र लिहिते, कारण सुगतचं नाव काढलं की फोनवर माझा आवाज बसतो अन् समोरच्याला वाटतं लाईन कटली.

सुगत जाऊन दोन वर्सं अन् अडीच म्हैने झाले. त्यानं लातूरला इंजिनेरिंग केलं ते बँकेच्या कर्जावर. कागदावर सही त्याची अन् जोडीला माझी. तो गेला तवापासून बँकेच्या गल्लीनं सुदिक मी गेले न्हाई. नोटीस आली की बघू, म्हणून बसले. नोटीस आलीच न्हाई. मंग परवा धीर केला. म्हटलं, किती कर्ज राहिलं ते तरी कळू द्या.

खिडकीवरची मॅडम म्हणली, "मावशी, खातं एकदम चांगलं हाय. एक हप्ता चुकलेला न्हाई."

मी तिथंच बाकड्यावर बसले. तिनं कागद काढून दिला. दर म्हैन्याच्या सात तारखेला ६,४२२ रुपये. पहिले आठ हप्ते सुगतचे. त्याच्यानंतर सत्तावीस हप्ते, अन् परतेकापुढं एकच नाव, तुमचं.

घरी आल्यावर सुगतचा मैतर आनंदराज याला इचारलं. त्यानं तुमच्या डाळ मिलचा पत्ता दिला, म्हणला, "तिथं हिशोब बघते ती." अजून इचारलं तर "तिलाच इचारा काकू" म्हणून गाडीला किक मारून गेला.

आता दोन गोष्टी सांगा. एक, आमी घेतले ३,६०,०००. आजवर भरले २,२४,७७०. तरी बाकी ३,९०,०६२ कशी? घेतल्याच्या वर? आमचे मालक साहेबराव गवंडीकाम करतेत, आकड्यात पक्के हायत, पण त्यांनाबी ह्याचा मेळ लागला न्हाई.

अन् दुसरं, तुम्ही कोण? माझ्या पोराचं कर्ज तुम्ही का फेडून राहिलात?

चांगुणा


लातूर
२४ जून २०२५

चांगुणामावशींना नमस्कार.

तुमचं पत्र मिलच्या पत्त्यावर आलं. पाकिटावर हदगाव वाचलं आणि अर्धा दिवस ते फोडलंच नाही.

आधी आकडा सांगते. सुगत शिकत होता तेव्हा हप्ता नव्हता, पण व्याज थांबलेलं नव्हतं. दर वर्षी नव्वद हजार उचलले, चार वर्षं. शिक्षण आणि वरचं एक वर्ष मिळून त्या सगळ्यावर १,२६,००० व्याज चढलं. ते मुद्दलात मिळवलं गेलं. म्हणजे पहिला हप्ता सुरू झाला तेव्हाच कर्ज ४,८६,००० होतं. तुमच्या डोक्यात तीन साठ आहे, बँकेच्या डोक्यात चार शहाऐंशी. गोंधळ तिथं आहे.

आणि हप्ता भरला की आधी व्याज जेवतं, मग उरलेलं मुद्दलाला मिळतं. पहिल्या हप्त्यातले ४,०५० व्याजातच गेले. मुद्दल कमी झालं फक्त २,३७२ नं. आता जवळजवळ निम्मं निम्मं जातं. पुढं मुद्दलाकडं जास्त जाईल. कर्ज कमी होत आहे, मावशी. नुसतं बघून कळत नाही, पण होत आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर साधं आहे. २०२२ साली माझ्या वडिलांच्या ऑपरेशनला सुगतनं मला दीड लाख रुपये दिले होते. तेच मी फेडते आहे. उपकार वगैरे काही नाही.

जमलं तर त्या कागदांची झेरॉक्स पाठवा, पहिल्या पानापासून. मी नीट तपासून देते. आणि फोन करू नका. मी आत्याकडे राहते. घर लहान आहे, सगळं ऐकू जातं.

दीपमाला


हदगाव
९ जुलै २०२५

दीपमालाताईंना जयभीम.

झेरॉक्स जोडली हाय, अकरा पानं. व्याज जेवतं ते कळलं. साहेबरावांना वाचून दाखवलं तर म्हणले, "पोरगी मास्तरीण पाहिजे होती."

पण तुम्ही हिशोबनीस असून खोटं चांगलं लिहिता येत न्हाई तुम्हाला. दीड लाख घेतले म्हणता, अन् भरले १,७३,३९४. वरचे कशाचे? अन् बाईसाहेब, २०२२ ला सुगतचा पगार अठरा हजार होता, त्याच्यात नांदेडची खोली, डबा अन् हप्ता. दीड लाख त्यानं कुठून आणले असते? त्याच्यापाशी दोन पँटी होत्या. एक वाळत असली की दुसरी अंगावर.

तुम्हाला सांगायचं नसंल तर नका सांगू. मीबी सगळं सांगितलेलं न्हाई. मॅडमनं इचारलं होतं, "सुगत कुठंय? एक सही लागंल." माझ्या तोंडातून निघालं, "पुण्याला हाय. यील दिवाळीत." दाखला माझ्याकडं हाय, नगरपरिषदेचा, शिक्का मारलेला. ट्रंकेत साडीच्या घडीखाली ठेवलाय. कुण्या हापिसात दिला न्हाई. रेशन कार्डावर तो हाय. मतदार यादीत हाय. बँकेत हाय. एका जागी नाव कमी केलं की मंग सगळीकडंच करावं लागंल.

मी ठरवलंय, आगस्टपासून अर्धा हप्ता मी भरणार. ३,२११. सही माझी हाय, तुमची न्हाई.

अन् एकच इचारते. तो तुमच्यापाशी हसायचा का? घरी लई कमी हसायचा. आमाला वाटायचं कर्जाच्या वज्झ्यानं. पण आनंदराज म्हणतो, लातूरला तो लई हसवायचा सगळ्यांना. ते हसणं आमच्या वाट्याला आलं न्हाई.

चांगुणा


लातूर
२० जुलै २०२५

मावशी,

हसायचा. आवाज न करता हसायचा आणि खांदे हलायचे. तुम्हाला हे माहीत असेल असं मला वाटलं होतं.

खोटं लिहिल्याबद्दल माफ करा. खरं लिहिते.

माझी शांतम्मा आत्या लातूरला खानावळ चालवते. मी बी.कॉम. करत होते तेव्हा खानावळीची वही माझ्याकडं होती. कोण जेवलं, कोण नाही, त्याच्या खुणा. महिनाअखेरीला सगळी पोरं भांडायची, "त्या दिवशी मी नव्हतो, पैसे कापा." सुगत एकटा असा की वही उलटी करून म्हणाला, "बारा तारखेला मी जेवलो होतो, तुम्ही खूण केली नाही. पैसे वाढवा." मला वाटलं चिडवतो आहे. खरंच पैसे ठेवून गेला.

पुढचं सगळं चार वर्षांचं आहे, एका पत्रात मावत नाही.

त्याला नांदेडला साईटवर नोकरी लागली, मला मिलमध्ये. हप्ते सुरू झाले. दर सात तारखेला तो हप्ता भरायचा, मला फोन लावायचा आणि मोबाईलवर बघून शिल्लक वाचायचा. मी आकडा वहीत लिहायची. मग तो विचारायचा, "किती राहिलं?" आत्ताच स्वतः वाचलेलं असायचं, तरी विचारायचा. शिल्लक शून्य झाली की नोंदणी विवाह करायचा, असं ठरलं होतं. मी म्हणायची, आधी करू, दोघं मिळून फेडू. तो ऐकायचा नाही. म्हणायचा, "आईनं माझ्यासाठी सही केली आहे. ती सही मोकळी केल्याशिवाय तिच्याकडं दुसरं काही मागणार नाही. मग तुझं नाव सांगेन."

म्हणून तुम्हाला माझं नाव माहीत नव्हतं.

तो गेल्यावर पुढच्या सात तारखेला मला काय करावं कळेना. खाते क्रमांक पाठ होता. मी पैसे पाठवले. आकडा वहीत लिहिला. त्या दिवशी पहिल्यांदा जेवण गेलं. पुढच्या महिन्यातही तसंच केलं.

दोघांच्या पगारात २०२७ पर्यंत शून्य झालं असतं. माझ्या एकटीच्या पगारात वर काही भरता येत नाही, म्हणून जुलै २०३२. सात वर्षं आहेत. मला घाई नाही.

अर्धा हप्ता तुम्ही भरू नका. हा माझा आहे. मला एवढं राहू द्या.

दीपमाला


हदगाव
१२ ऑगस्ट २०२५

दीपमाला,

आता अहो-जाहो जमत न्हाई. पत्र साहेबरावांना वाचून दाखवायला घेतलं. खांदे हलायचे तिथपर्यंत वाचलं, पुढं ते म्हणले, "थांब जरा," अन् आंगणात जाऊन उभे राहिले. पुढचं दुसऱ्या दिशी वाचलं.

मी भरले. सहा तारखेला जाऊन ३,२११ भरले, पावती हाय. सात तारखेला तूबी सगळे भरले. हट्टी हायस. त्यालाबी अशीच हट्टी पायजे होती.

मानधनातून निघत न्हाईत म्हणून दुपारी आंगणवाडी सुटली की सोयाबीन खुरपायला जाऊन राहिले. पंधरा वर्सांनी हातात खुरपं धरलं. पहिल्या दिशी गुडघे वाकंनात, बाया हसल्या, "मॅडम, तुमी बांधावर बसून हजेरी घ्या." पण सांगू का, बरं वाटलं. खाली बघून काम करायचं, कुणाशी बोलायचं न्हाई. एका ओळीची पात धरली की त्याचा विचार करते. दुसऱ्या पातीला तुझा.

तुझा विचार असा की, आनंदराज म्हणतो तू सत्तावीसची हायस. २०३२ ला चौतीसची व्हशील. मी आई हाय त्याची. मला तर वाटंल की कुणी तरी जल्मभर त्याच्यासाठी बसावं. पण असं वाटलं की मलाच माझी लाज वाटते. तुझ्या घरी आई-बाप हायत. त्यांनाबी काही वाटत असंल.

लगीन ठरत असंल तर ठरू दे. मला राग येणार न्हाई. रडू यील, ते माझं मी बघंन.

अजून लिही त्याच्याबद्दल. खानावळीत त्याला काय आवडायचं? इथं तर जे वाढंल ते खायचा.

चांगुणा


लातूर
२५ ऑगस्ट २०२५

मावशी,

शेंगदाण्याची चटणी आणि कढी. कढी तीन वेळा मागायचा.

तुम्ही गुडघे दुखत असताना खुरपायला जाता हे वाचलं आणि त्यानंतर मिलमध्ये एकाही बिलाची बेरीज बरोबर आली नाही. मला तुम्हाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. दोन्ही आधीच सांगायला हव्या होत्या.

पहिली. तुम्ही पाठवलेल्या झेरॉक्सच्या पहिल्याच पानावर, ऑगस्ट २०१७ मध्ये, ४,१५० रुपये कापल्याची नोंद आहे. तो विम्याचा हप्ता आहे. कर्ज देतानाच सुगतच्या नावानं विमा काढला होता. कर्ज घेणारा गेला तर त्या दिवशीची शिल्लक विमा कंपनी भरते. तुमच्या सहीवर काही राहत नाही. त्यानंतर भरलेले हप्तेसुद्धा परत मिळतात. मृत्यूचा दाखला आणि एक अर्ज द्यायचा. उशीर झाला आहे, पण कारण लिहून दिलं तर घेतात, मी इथं विचारलं आहे.

हे मला जुलैपासून माहीत आहे. मागचं पत्र लिहिताना तो कागद माझ्यासमोर होता. मी लपवलं. दाखला दिला की खातं बंद होईल. मग सात तारखेला मी काय करू? तुम्ही दाखला साडीखाली ठेवलात तसं मी हे ठेवलं. पण तुमच्या दाखल्यानं कुणाचे गुडघे दुखत नव्हते.

दुसरी. तो गेला त्या रविवारी नांदेडमध्ये का नव्हता, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. मी बोलावलं होतं. आमचं गाव शिरूर अनंतपाळ. वडील शिवशंकर, आमची शेती आहे. मला स्थळ बघायला सुरुवात झाली होती. मीच सुगतला म्हटलं, शून्याची वाट बघत बसलास तर माझं लग्न दुसरीकडं होईल, येऊन बोल. तो आला. बाबांनी चहा दिला, पाऊसपाण्याचं बोलले. मग आडनाव विचारलं. त्यानं सरळ सांगितलं. बाबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "तुमच्यात आजकाल पोरं चांगली शिकतात." मग म्हणाले, "हे जमायचं नाही." मला आत स्वयंपाकघरात बसवलं होतं. मी बाहेर आले नाही. चार वाजता गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. संध्याकाळी सातला, लोह्याच्या पुढं, रस्त्यावर उभ्या ट्रॅक्टरवर त्याची गाडी आदळली.

तो कुठल्या मनानं गाडी चालवत होता, हे मी रोज स्वतःला विचारते. मी बोलावलं नसतं तर तो खोलीवर कपडे धूत बसला असता.

दाखला देऊन टाका, मावशी. खातं बंद होईपर्यंत हप्ते मी भरते, थकू देणार नाही. मला शिव्या द्यायच्या असतील तर तेवढ्यासाठी तरी पत्र लिहा.

दीपमाला


हदगाव
२० नोव्हेंबर २०२५

दीपमाला,

तीन म्हैने लिहिलं न्हाई. राग आला होता. खोटं बोलत न्हाई. विम्याचा न्हाई, रविवारचा. पत्र घडी करून ठेवलं, पंधरा दिस त्या कोपऱ्याकडं बघितलं न्हाई. साहेबराव म्हणले, "तिनं त्याला बोलावलं, ढकललं न्हाई." तरी लिहायला बसले की उठून भांडी घासायचे.

मंग सप्टेंबरात एक दिस दाखला घेऊन आमी दोघं बँकेत गेलो. मॅडमनं वाचला. म्हणली, "मावशी, त्या दिवशी तर तुम्ही पुण्याला म्हणालात." मी म्हटलं, "पुण्याला न्हाई बाई. कुठंच न्हाई." तिनं खिडकी बंद केली अन् बाहेर येऊन माझ्याजवळ बसली. उशिराचं कारण लिहायचं होतं. काय लिहावं? साहेबराव म्हणले, "लिहा, आईबापाला जमलं न्हाई." तिनं तसंच लिहिलं.

दोन म्हैने फेऱ्या झाल्या. दहा नोव्हेंबरला कर्ज खातं बंद झालं. मॅडमनं कंप्युटरचा पडदा फिरवून दाखवला, शिल्लक ०.०० होती. तुझे बत्तीस हप्ते, २,०५,५०४, माझ्या खात्यावर आलेत. तुझा खाते नंबर कळव. नको म्हणू नको. माझे ३,२११ मी ठेवून घेतले, त्याचं गुडघ्याला तेल आणीन.

घरी आले तर काहीच करू वाटंना. लोक कर्ज फिटलं की पेढे वाटतेत. मला वाटलं, आता बँकेतून त्याच्या नावानं एक कागद येणार न्हाई. तुला काय वाटलं असंल ते तवा कळलं. म्हणून राग गेला. पुरा गेला असं न्हाई, पण बसला खाली.

आता तुझ्या रोजच्या प्रश्नाचं. तो कुठल्या मनानं गाडी चालवत होता, ते मला ठाऊक हाय.

त्यानं त्या सांजच्याला साडेपाचला मला फोन लावला होता. अहमदपूरजवळ चहाला थांबला होता. म्हणला, "आई, आज एका माणसाकडं गेलतो. त्यानं न्हाई म्हटलं." मी म्हटलं, "कशाला रं? कामाला?" तो म्हणला, "हाव, कामालाच समज. पण माणूस वाईट न्हाई, आई. गाडीपर्यंत सोडायला आला. म्हणला, उजेडात पोच, हळू जा. मी परत जाणार हाय त्याच्याकडं." मी म्हटलं, "न्हाई म्हटल्यावर कशाला जायचं?" तर म्हणला, "एकदा न्हाई म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणायला त्यालाबी जड जाईल."

अन् हसला. आवाज आला न्हाई, पण हसला.

मला वाटलं कुणी ठेकेदार हाय. दोन वर्सं मी त्या ठेकेदाराचा विचार केला. तुझं पत्र आलं तवा कळलं, तो तुझा बाप.

हे तुला आगस्टातच लिहायला पायजे होतं. मुद्दाम लिहिलं न्हाई. तुला थोडं लागू दे, असं वाटलं. त्याची माफी मागते.

कढी मला चांगली येते. त्यानं कधी मागितली न्हाई. तू येऊन खा.

चांगुणा


लातूर
९ डिसेंबर २०२५

मावशी,

खाते नंबर सोबत दिला आहे. पैसे आले की त्याचं काय करायचं, मला अजून कळत नाही.

तुमचं पत्र मी मिलच्या गोदामात उभं राहून वाचलं. बाबा त्याला गाडीपर्यंत सोडायला गेले होते, हे मला माहीत नव्हतं. घरात या विषयावर त्यानंतर एक शब्द निघालेला नाही. स्थळंसुद्धा यायची थांबली. ती बाबांनी थांबवली होती, हे परवा आईकडून कळलं.

सात तारखेला रविवार होता. सवयीनं मोबाईल हातात घेतला. भरायला काही नव्हतं. वहीही काढली होती. लिहायला आकडा नव्हता. मग मी बस धरून शिरूरला गेले.

बाबा तुरीच्या रानात होते. मी बांधावर बसून त्यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं, अहमदपूरपासून पुढचं. "माणूस वाईट न्हाई" हे वाचलं तेव्हा त्यांनी डोक्याचा रुमाल काढला. मग म्हणाले, "पेपरात त्याचा फोटो आला होता. मी तो तुझ्या आईला दिसू दिला नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "परत येणार होता म्हणतेस?"

"हो म्हणाला होता."

"मी काय म्हटलं असतं, मला आजपण माहीत नाही," बाबा म्हणाले. "पण यायला पाहिजे होता."

मी २१ तारखेला, रविवारी, हदगावला येते आहे. सकाळच्या गाडीनं निघाले की दुपारपर्यंत पोचेन. हे मी बाबांना सांगितलं. न सांगता येणार नव्हते.

सोमवारी सकाळी ते मला शिरूरच्या स्टँडवर सोडायला आले. गाडी लागली, मी आत जाऊन बसले. ते खिडकीखाली उभे राहिले. कंडक्टरनं बेल मारल्यावर म्हणाले, "दीपा, मी तुझ्यासंगं हदगावला आलो, तर ती बाई मला घरात घेईल का?"

मी म्हटलं, विचारून सांगते. उत्तर तुमचं आहे. जे असेल ते लिहा, मी त्यांना तसंच सांगेन.

तुमची
दीपमाला